तीन नंबरचं बेअरिंग

आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं की बघणारा आधी मोजायला लागतो. प्लगच्या वायरींवरून बोट फिरवत एक, दोन, तीन करत सहापर्यंत येतो आणि मग माझ्याकडे बघतो. “मॅडम, सहा?” सहा. “आणि इंजिन ओरिजिनल?” ओरिजिनल. एवढ्यावर थांबणारी माणसं मला आवडतात. काही जण थांबत नाहीत. पार्ट कुठून आणता, एवढी कटकट कशाला, एखादं नवं चार सिलिंडरचं टाकून मोकळं व्हायचं ना, असं सुरू होतं. त्यांना मी हसून काहीतरी सांगते आणि बॉनेट लावते. खरं उत्तर द्यायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल, आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती नाही.

गाडी माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा माण तालुक्यातून पिंपरीला आले, एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. सुट्टीच्या दिवशी ते एका छोट्या कारखानदारांकडे मशीन दुरुस्तीला जात. त्या गृहस्थांची ही गाडी. विलायतेत बनलेली, लांबुडकी, कच्च्या कैरीच्या रंगाची. पुढे त्यांची मुलं परदेशी गेली, ते स्वतः थकले, आणि एक दिवस त्यांनी आप्पांच्या हातात किल्ली ठेवली. “ही तुमचंच ऐकते, तुम्हीच न्या,” एवढंच म्हणाले.

आप्पा ती घेऊन पिंपळे गुरवच्या आमच्या दारात आले तेव्हा आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली होती. “अवो, हिला ठिवायची कुठं? का हिच्यातच ऱ्हायला जायाचं?” ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. दोन खोल्या आणि मोरी एवढं आमचं घर, आणि गाडी घराच्या भिंतीपेक्षा लांब. आप्पांनी महिनाभरात पत्र्याची शेड उभी केली. पुढची कित्येक वर्षं आमच्या घराला गिलावा नव्हता आणि गाडीच्या डोक्यावर मात्र छप्पर होतं. ही गोष्ट आई आजही आल्यागेल्या पाहुण्याला ऐकवते, आणि दर वेळी त्या शेडची लांबी हातभर वाढवते.

रविवारी सकाळी आप्पा इंजिन चालू करत. ते गरम झालं की चहाची बशी इंजिनाच्या झाकणावर ठेवत आणि मला बोलावत. “बघ, हालतंय का?” मी आठ-नऊ वर्षांची. चहा हलतोय की नाही हे मला काय कळणार? पण मी मान हलवून “नाही” म्हणायचे, कारण त्यांना तेच ऐकायचं असायचं. मग ते ती बशी उचलून फुर्र करून पीत आणि म्हणत, “चाराचं इंजिन पळतं. सहाचं वाहतं.” त्या चहाला नक्की पेट्रोलचा वास येत असणार. मला मात्र अजून वाटतं की इतका चांगला चहा मी कुठे प्यायले नाही, आणि खरं तर तो मी कधी प्यायलेच नव्हते.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कंपनीत घरच्यांना आत सोडत. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, मशीन चालवायचं नाही, नुसतं पुसायचं आणि पुजायचं. आई नवं पातळ नेसायची, मला दोन वेण्या घालायची आणि आम्ही गेटमधून रुबाबात आत जायचो. मला तिथली शांतताच जास्त आठवते. एवढी मोठी शेड, एवढी मशीनं, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि आवाज कसलाच नाही. माणसं उगाचच हळू बोलायची.

गुरुजी ओळीनं पूजा करत यायचे. बाकीचे कामगार हात जोडून उभे असायचे. आमचे आप्पा मात्र गुरुजी जवळ आले की घाईघाईनं खिशातून एक मऊ फडकं काढायचे आणि मशीनच्या चकचकीत पट्ट्यांवर पसरायचे, चारी कोपरे नीट खोचून. मग म्हणायचे, “हां, आता करा.” गुरुजींच्या अक्षता त्या फडक्यावर पडायच्या. मला याची फार लाज वाटायची. सगळ्यांची मशीनं उघडी, आमचंच झाकलेलं. आप्पांचं मशीन जुनं असेल, ते दिसू नये म्हणून झाकत असतील, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता आणि पुढे कधी तपासला नाही. मोठी होऊन मोजमापाचंच शिक्षण घेतलं, तरी नाही.

शिकून मी चाकणला एका कंपनीत लागले. क्वालिटीला, मोजमापाच्या खोलीत. गार हवा, केसांना जाळी, पायात वेगळ्या चपला, बाहेरचा कागदसुद्धा आत आणायचा नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते माझ्यावर चिडले. “मग आजवर मला इचारलं का न्हाई कदी, मायक्रोमीटर कसा धरायचा ते?” लग्नानंतर मी मोशीत राहायला गेले. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. हालहवाल नाही, जेवलीस का नाही. एकच वाक्य, “उद्या सकाळी लवकर ये.” मग रविवारी मी स्कूटर काढून पिंपळे गुरवला जायचे आणि दुपारपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली असायचो.

रिटायर झाल्यावर आप्पांनी ठरवलं की इंजिन पूर्ण खोलायचं. ते धूर सोडायला लागलं होतं. पिस्टन भोसरीत बनवून घेतले, क्रँक घासून आणला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. त्याच्या पोटातून तिरपी, बारीक भोकं गेलेली असतात, आणि त्या भोकांतून तेल सहा बेअरिंगना पोचतं. आप्पांनी एकेक भोक ब्रशनं घासलं, रॉकेलनं धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि क्रँक इंजिनाच्या सांगाड्यात, ब्लॉकमध्ये, आडवा ठेवला. तो खंडेनवमीचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी पूजा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर इंजिन बांधायला घ्यायचं, असा त्यांचा बेत.

एक गोष्ट मला त्याच काळात दिसली होती. त्यांचा उजवा अंगठा थरथरायचा. फार नाही. पाना हातात घेतला की थांबायचा, रिकामा असला की पुन्हा सुरू. मला दिसलंय हे त्यांनाही दिसलं, आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल काही बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं.

खंडेनवमीला कंपनीनं रिटायर झालेल्यांनाही पूजेला बोलावलं होतं. आप्पा सकाळीच गेले. जुनी मंडळी भेटल्यावर ते वेळेवर परत येणं शक्यच नव्हतं. दुपारचे दोन वाजले, पुरण गार व्हायला लागलं, आणि आई म्हणाली, “किती येळ वाट बघायची? तू घे उरकून. तुजं बी शिक्षान त्यातलंच हाय की.” मला तेवढंच हवं होतं. मी शेडमध्ये गेले. पान्यांना, ब्लॉकला, क्रँकला हळदीकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली आणि कुंकवात ओल्या केलेल्या अक्षता मूठ भरून टाकल्या. अगदी मनापासून, हात जोडून. मग डोळे उघडल्यावर जरा कसंतरी वाटलं म्हणून रंगाच्या ब्रशनं दिसतील तेवढे दाणे झाडून घेतले. कामावर केसांना जाळी घालणारी मी!

आप्पा आले, फुलं वाहिलेली बघून खूश झाले. दसऱ्याला आम्ही इंजिन बांधायला घेतलं आणि पुढचे तीन रविवार तेच केलं. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की आप्पा त्याच्यावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. टूलरूमची सवय. त्यातल्या एका ठिकाणी, चार नंबरला, त्यांनी पाना दोनदा काढून पुन्हा लावला, अंगठ्याकडे बघत. मी मान वळवली.

दिवाळीच्या पाडव्याला पहिली फेरी. आप्पा म्हणाले, “चल, तुजी कंपनी दाव मला.” आई मागे बसली, मांडीवर फराळाचा डबा. मोशीपर्यंत इंजिन असं वाहत होतं की आप्पा मध्येच पाय जरा उचलायचे आणि नुसतं ऐकायचे. त्यांचा चेहरा मी चोरून बघत होते. पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत तेवढा सुखी माणूस त्या दिवशी दुसरा नसावा.

इंद्रायणीच्या पुलावर पहिला ठोका आला. ठक. आप्पांनी मान वाकडी केली. ठक ठक. तेलाच्या दाबाचा काटा जागेवर होता. आप्पांनी त्याच्याकडे दोनदा बघितलं. मग घणानं लोखंड ठोकावं तसा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. मागून ट्रक, टेम्पो हॉर्न मारत बाजूनं जात होते. आप्पांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. “तेल व्हतं,” ते म्हणाले. “म्हंजे आवळायला मीच चुकलो.” मी म्हटलं, आप्पा, खोलल्याशिवाय कसं सांगता? आईनं मागून लाडू पुढे केला. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

टेम्पोनं ओढून गाडी घरी आली. इंजिन त्यांनी खोललं नाही. “खोलून काय बघायचं? माजंच काम?” असं म्हणून त्यांनी सगळे पाने पुसले, तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. आईनं ती देवघराच्या खणात टाकली. पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, राग ओसरला की येईल. दोन वर्षं आला नाही.

त्या दोन वर्षांत आमच्या घरात नळाचा वायसर बदलायला प्लंबर यायला लागला. ज्या माणसानं उभी हयात मायक्रॉनमध्ये काढली तो खुर्चीत बसून प्लंबरला बघायचा, आणि प्लंबर चुकीचा पाना लावत असला तरी बोलायचा नाही. हे मला सहन व्हायचं नाही. मी चिडायचे, प्लंबरवर, आईवर, कुणावरही. आप्पांचं वय झालं हे मला मान्य होतं. पण ते एका चुकीच्या समजुतीनं म्हातारे झालेत की खऱ्या चुकीनं, हे मला कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायची मला भीतीही वाटत होती. खरंच त्यांचा हात चुकला असेल तर?

शेवटी आईच म्हणाली की त्या गाडीचं काहीतरी करा, नाहीतर ती दारात बघून हे असेच बसून राहतील. मोशीत माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला होता, तिथलाच जुन्या गावातला. तो येऊन बघून गेला. “ताई, सहाचा नाद सोडा. आमी चाराचं बसवून देतो, एकदम मस्त. टेन्शनच न्हाई. आप्पांना बी फिरवून आणा मग.” मी आप्पांना विचारायला गेले ती भांडायच्या तयारीनं. मला वाटलं होतं ते मला घराबाहेर काढतील. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “बसवा काय बसवायचं ते.”

मी बाहेर येऊन शेडमध्ये रडले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

गाडी गॅरेजला गेली, इंजिन वर काढलं, आणि भंगारात जायच्या आधी मी हट्ट धरला की ते खोलायचं. आमच्या कंपनीत नियम आहे, बाद झालेला कुठलाही जॉब, म्हणजे बनवलेला भाग, लाल पेटीत टाकायचा तर आधी तो का बाद झाला ते चिठ्ठीवर लिहायचं. कारणाशिवाय लाल पेटी नाही. गॅरेजवाला हसला. “ताई, मढ्याचं काय पोस्टमार्टम करताय?” पण त्यानं रविवारी खोलायला मदत केली.

खालचं झाकण काढलं आणि मला पहिल्यांदा दिसल्या त्या पिवळ्या रेघा. बारा बोल्ट, बारा रेघा. एकही तुटलेली नव्हती. ज्या ठिकाणी आप्पांनी पाना दोनदा लावला होता तिथलीही सरळ, एका दमात ओढलेली. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. तीन नंबरचं बेअरिंग जळून काळं पडलं होतं. बाकीची पाच आरशासारखी. म्हणजे तेल होतं, फक्त तिसऱ्याला पोचलं नव्हतं.

मी क्रँकच्या तीन नंबरच्या भोकात तार घातली. ती थोडी आत गेली आणि अडली. दुसऱ्या बाजूनं घातली, तिथूनही अडली. गॅरेजवाल्यानं रॉकेल सोडून हवा मारली, पुन्हा मारली, आणि एक काळा गठ्ठा माझ्या तळहातावर येऊन पडला. चार-पाच दाणे एकमेकांना चिकटलेले. मी नखानं गठ्ठा फोडला. आत अजून जरासा लाल होता.

“हे काय, बी हाय का?” तो म्हणाला. मला कंपनीची ती शांत शेड दिसत होती, झेंडूच्या माळा, आणि मशीनवर फडकं पसरून कोपरे खोचणारे आप्पा. लाज कसली वाटायची मला? ते मशीन लपवत नव्हते. दाण्यापासून वाचवत होते. वर्षानुवर्षं मी ते बघितलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

गॅरेजवाल्याला मी सगळं सांगितलं. तो माणूस चांगला. म्हणाला, “ताई, कशाला सांगताय? म्हातारं मानूस. नवं इंजिन बसवू, विषय कट.” आणि खरं सांगते, आठ दिवस मी तेच करायचं ठरवलं होतं. दाणे मी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातले, सवयीनं त्यावर लेबलसुद्धा लावलं, आणि पर्समध्ये ठेवून रोज चाकणला नेत-आणत राहिले. न सांगितलं तर मी सुटणार होते आणि आप्पा तसेच खुर्चीत राहणार होते. सांगितलं तर त्यांचे हात त्यांना परत मिळणार होते, आणि मग मी त्यांच्या नजरेत काय राहणार होते कोण जाणे. त्यांनी आयुष्यात माझ्या एकाच गोष्टीचा अभिमान धरला होता, माझ्या कामाचा.

पुढच्या रविवारी मी गेले आणि पिशवी त्यांच्या पेपरवर ठेवली.

“काय हाय?”

“तीन नंबरच्या भोकात निघालं. अक्षता आहेत. मी टाकल्या होत्या. तुम्ही कंपनीत गेला होता तेव्हा.”

त्यांनी चष्मा मागितला. पिशवी उजेडात धरली, फिरवली. “बोल्ट?”

“सगळे घट्ट होते. एक रेघ तुटलेली नाही.”

“चार नंबर बी?”

“चार नंबरही.”

मग ते उठले. दोन वर्षांत इतक्या झटक्यात उठलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं. “उगड्या क्रँकवर अक्षता? डोकं हाय का खोकं? कंपनीत हेच शिकिवत्यात तुला? आन् मग हवा का मारली न्हाई? मला सांगितलं का न्हाई?” आवाज चौकापर्यंत गेला असेल. शेजारची बाई गॅलरीत आली. मी मान खाली घालून उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तशी तोफ तिच्यावर वळली. ती कसली ऐकून घेतेय! “मीच सांगितलं तिला. पूजा न करता बांधलं असतं तर मग काय इमान होऊन उडालं असतं व्हय ते?” ती म्हणाली.

जरा वेळानं ते खुर्चीत टेकले. दोन्ही हात समोर धरून बघितले. अंगठा थरथरत होता, आता चांगलाच. “म्हंजे माजा हात चुकला न्हवता,” ते म्हणाले, माझ्याशी नाही, हातांशीच. मग आईला म्हणाले, “किल्ली आण पेटीची.”

इंजिन भंगारात न जाता घरी परत आलं. गॅरेजवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण स्वतः टेम्पोत घालून आणून दिलं. मी आप्पांना म्हटलं, ठेवायचं तर ठेवू, पण जसंच्या तसं नाही. त्या जुन्या इंजिनाचा तेलाचा फिल्टर म्हणजे नावालाच होता. मी त्याच्या जागी आजचा, सगळं तेल गाळून पुढे सोडणारा फिल्टर बसवायचं काढलं. ठिणगीसाठी जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक, हल्लीच्या पेट्रोलला टिकतील असे पाइप, नवे व्हॉल्व्ह सीट. आप्पा प्रत्येक गोष्टीला आधी “न्हाई” म्हणत, मग हातात घेऊन उलटसुलट करून बघत आणि मग “बरं” म्हणत. शेवटी म्हणाले, “सहा राहू दे. बाकी तुला काय बदलायचं ते बदल.”

पाना आता मी धरायचे. त्यांचा हात माझ्या मनगटावर असायचा. पान्याला लावलेलं यंत्र किती जोर लागला ते आकड्यात सांगायचं, पण यंत्र बोलायच्या क्षणभर आधी त्यांची बोटं दाबायची आणि ते म्हणायचे, “बास.” मी दर वेळी तपासलं. एकदाही चुकले नाहीत. पण ते माझ्यावर नाराज होते हे मला कळत होतं. कामापुरतं बोलायचे. शनिवारचा फोन काही येत नव्हता. मी आपली न बोलावता जायचे, दर रविवारी, ओशाळल्यासारखी.

असं करता करता खंडेनवमी आली. योग असा, की क्रँक पुन्हा घासून धुऊन ब्लॉकमध्ये ठेवलेला, भोकं उघडी, बांधायला दुसऱ्या दिवशी घ्यायचं. अगदी तशीच स्थिती. मी रजा घेऊन गेले. या वेळी आप्पा घरीच होते. मी ताटात हळदीकुंकू घेतलं, फुलं घेतली आणि अक्षतांची वाटी मुद्दाम ओट्यावर ठेवून शेडमध्ये गेले. आप्पांनी ताट बघितलं. “अक्षता कुठं?”

“नको आप्पा. फुलं वाहू.”

“का? देवाचा काय दोष त्यात? झाकायचं ऱ्हायलं व्हतं. टाकायचं न्हाई चुकलं.”

आईनं मागून वाटी आणून दिली. आप्पांनी तिच्या जुन्या पातळाचा एक मऊ तुकडा काढला, आधीच धुऊन, घडी घालून ठेवलेला. तो इंजिनावर पसरला आणि कोपरे खोचायला लागले. बोटं ऐकत नव्हती. चौथा कोपरा तीनदा निसटला. मी पुढे होऊन तो धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

“हां,” ते म्हणाले. “आता टाक. मूठभर टाक.”

अक्षता कापडावर पडल्या, वाळूसारखा बारीक आवाज झाला. आम्ही तिघांनी हात जोडले. मग आप्पांनी कापडाची चारी टोकं आत घेत सावकाश पुरचुंडी केली आणि आईच्या हातात दिली. एक दाणा खाली पडला नव्हता. तरी ते वाकले, चष्मा वर केला आणि सहाची सहा भोकं बॅटरीच्या उजेडात एकेक करून बघितली. तीन नंबरवर जरा जास्त वेळ थांबले.

मग कंबर धरून सरळ झाले आणि बॅटरी बंद करून माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या सकाळी लवकर ये.”